तद्विद्यसंभाषा आणि आपले मौन

संघटनेच्या मासिक सभेचे ठरलेले स्वरूप आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. धन्वंतरीच्या प्रतिमेचे पूजन होते, पाहुण्यांचे स्वागत होते, एक व्याख्यान होते. ‘कोणाच्या काही शंका असल्यास विचाराव्यात’ असे सूत्रसंचालक म्हणतात. दोन-तीन तरुण वैद्य एखाद्या कल्पाची मात्रा आणि अनुपान विचारून वहीत टिपून घेतात आणि चहापानानंतर सभा संपते. सभागृहात चाळीस-पन्नास वैद्य बसलेले असतात. प्रत्येकाच्या गाठीशी दहा, वीस, तीस वर्षांचा रुग्णानुभव असतो. चार-पाच औषधी निर्माते असतात. त्यांना कच्च्या मालाच्या बाजाराची खडानखडा माहिती असते. परंतु या सर्व ज्ञानापैकी त्या दोन तासांत सभेपुढे येते ते अत्यल्प. देणारा एक आणि घेणारे पन्नास, असा हा व्यवहार आहे.

या मौनाची किंमत काय, हे प्रस्तुत लेखकास स्वतःच्या चुकीतून उमगले. ती हकीकत प्रथम सांगतो.

एक रुग्णा आणि न केलेली नोंद

२०२० सालच्या शरद ऋतूतील गोष्ट. कोविडच्या साथीत घरोघरी काढे उकळले जात होते. गुळवेलीस तर असे दिवस पूर्वी कधी आले नव्हते. त्याच वर्षी शासनाच्या आयुष मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या चिकित्सासूत्रांतही गुडूचीचा समावेश होता. सातारा तालुक्यातील पन्नाशीच्या एक गृहिणी माझ्याकडे हृल्लास, अरुची, दौर्बल्य आणि पीतमूत्रता या तक्रारी घेऊन आल्या. डोळ्यांवर पिवळेपणा स्पष्ट होता. इतिहास विचारता कळले की शेजारच्या परसातील झाडावर चढलेली गुळवेल आणून त्या सुमारे दोन महिने रोज काढा घेत होत्या. त्याखेरीज गुडूचीच्या गोळ्याही चालू होत्या, आणि त्या मीच दिलेल्या होत्या.

काढा आणि गोळ्या दोन्ही थांबविल्या. रक्ततपासणीत यकृताची विकरे बरीच वाढलेली आढळली. विषाणुजन्य काविळीच्या तपासण्या नकारात्मक आल्या. रुग्णेस यकृततज्ज्ञांकडे पाठविले. सुमारे दोन महिन्यांत त्या पूर्ववत झाल्या. मी केसपेपरवर चार ओळी लिहिल्या आणि तो कागद कपाटात गेला. ती वेल कोणती होती, हे पाहण्यास मी गेलो नाही. नंतर केव्हातरी चौकशी केली तेव्हा ती तोडली गेली होती. या रुग्णेविषयी मी कोणाजवळही बोललो नाही. ‘एवढ्याशा गोष्टीने गुडूचीचे नाव कशाला बदनाम करावे’ अशी मी मनाची समजूत घातली. खरे सांगायचे तर नाव माझे खराब होईल, हीच भीती अधिक होती.

२०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांचा एक लेख प्रसिद्ध झाला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत गुळवेल सेवनानंतर यकृतविकार झालेल्या सहा रुग्णांची नोंद त्यात होती. त्यांतील काहींत स्वप्रतिरक्षाजन्य यकृतशोथासारखी लक्षणे होती. आपल्या व्यवसायात त्यावर संतापाची लाट उठली. मंत्रालयाने निवेदन काढून त्या लेखातील वनस्पतीची ओळख निश्चित केलेली नाही, असा आक्षेप घेतला. फेब्रुवारी २०२२ मध्ये पुन्हा सूचना काढून टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया म्हणजे खरी गुडूची आणि टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिच्यासारखी दिसणारी दुसरी जाती यांतील भेद स्पष्ट केला. त्याच वर्षी देशातील तेरा केंद्रांतील त्रेचाळीस रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अनेक रुग्णांस पूर्वीचा स्वप्रतिरक्षाजन्य विकार, मधुमेह वा थायरॉइडचा विकार होता, असे त्यात नमूद आहे.

त्यानंतर काही महिन्यांनी कऱ्हाडला एका लग्नकार्यात सांगलीचे एक स्नेही वैद्य भेटले. पंगतीला शेजारी बसलो असता बोलता बोलता त्यांनी हळूच सांगितले की त्याच काळात त्यांच्याकडेही असे दोन रुग्ण आले होते. त्यांनीही कोठे वाच्यता केली नव्हती. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहतच राहिलो. दोन जिल्ह्यांत तीन रुग्ण, आणि ही माहिती एकत्र आली ती दोन वर्षांनी, जेवणाच्या पंगतीत!

तीन रुग्णांवरून काहीही सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. परंतु २०२० च्या नोव्हेंबरातच हे तीन कागद एका टेबलावर आले असते, तर योग्य प्रश्न आपणच प्रथम विचारले असते. वेल कोणत्या जातीची? ताजी की शुष्क? मात्रा किती, काल किती? रुग्णास पूर्वीचा कोणता व्याधी होता? सोबत अन्य कोणती औषधे चालू होती? वेल अजून झाडावर होती, नमुना घेता आला असता. ‘वनस्पतीची ओळख निश्चित केली नाही’ हा आक्षेप आपण मुंबईच्या तज्ज्ञांवर घेतला. पण ज्यांना वनस्पती ओळखता येते, त्या आपण तरी ती कोठे निश्चित केली? प्रश्न आपला होता, साधन आपल्याजवळ होते, आणि बोलले मात्र दुसरे.

संहितेने चुकीची उत्तरेही जपली

तद्विद्यसंभाषा हा शब्द आपण उद्घाटनाच्या भाषणांत वारंवार ऐकतो. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात चरकाचार्यांनी तिचे जे विवेचन केले आहे, ते पुनःपुन्हा वाचण्यासारखे आहे. समान विद्या असणाऱ्यांशी केलेल्या संभाषेने ज्ञान वाढते, वाणीस सामर्थ्य येते, पूर्वी ऐकलेल्या विषयातील संदेह फिटतो, आणि गुरूने प्रसन्न होऊन शिष्यास दिलेले गूढ अर्थही चर्चेच्या भरात बाहेर येतात, असा त्याचा आशय आहे. संधायसंभाषा कोणाशी करावी, याचीही लक्षणे तेथे दिली आहेत. समोरचा ज्ञानसंपन्न असावा, रागीट नसावा, असूया करणारा नसावा, समजावून घेणारा आणि समजावून देणारा असावा. अशा व्यक्तीस निःशंकपणे विचारावे, तिला निःशंकपणे सांगावे. पराभवाच्या भीतीने अस्वस्थ होऊ नये, दुसऱ्यास निरुत्तर केल्याचा आनंद मानू नये, आणि जे आपणास ठाऊक नाही त्याचे वर्णन करू नये. उत्तम सभासदाची याहून चांगली आचारसंहिता कोणत्याही संस्थेच्या घटनेत सापडणार नाही.

याच संहितेतील सूत्रस्थानाचा सव्विसावा अध्याय मला या संदर्भात फार महत्त्वाचा वाटतो. चैत्ररथ वनात ऋषी जमले आहेत आणि रस किती, हा प्रश्न निघाला आहे. भद्रकाप्य म्हणतो रस एकच. शाकुंतेय दोन म्हणतो, पूर्णाक्ष मौद्गल्य तीन, हिरण्याक्ष कौशिक चार, कुमारशिरा भरद्वाज पाच, वार्योविद सहा, निमी सात, बडिश धामार्गव आठ. आणि बाह्लीक देशचा कांकायन रस असंख्य आहेत असे सांगतो. अखेरीस पुनर्वसु आत्रेय रस सहाच आहेत, असा निर्णय देतात.

संहिताकारांस फक्त निर्णय लिहून भागले असते. त्यांनी तसे केले नाही. ज्यांची मते ग्राह्य ठरली नाहीत, त्यांचीही नावे आणि मते त्यांनी आदरपूर्वक नोंदविली. त्या मतांवाचून निर्णयाची कारणे स्पष्टच झाली नसती. भद्रकाप्य चुकला म्हणून त्याची अप्रतिष्ठा झाली नाही. त्या अध्यायास आत्रेयभद्रकाप्यीय असे त्याचेच नाव मिळाले! चुकण्याची शक्यता पत्करून जो सभेत बोलतो, त्याचा असा मान राखणारी आपली परंपरा आहे. आज आपल्या सभेत तरुण पदवीधराने एखादा भाबडा प्रश्न विचारला की मागच्या रांगेतून हसू येते. तो पुढच्या सभेला येत नाही. आला तरी बोलत नाही.

वाईचे उदाहरण

देण्याची परंपरा आपल्या परिसरास नवीन नाही. सातारा येथे १९१६ साली आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालयाची स्थापना झाली, ती दोन वैद्यकशास्त्रांचे ज्ञान एका छताखाली यावे या हेतूने. त्याच जिल्ह्यात वाईस तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला आणि विसावा खंड २०१५ साली पूर्णत्वास गेला. तर्कतीर्थ १९९४ साली निवर्तले. काम थांबले नाही. याचे कारण ते काम एकट्या विद्वानाचे नव्हते. महाराष्ट्रातील आणि बाहेरील असंख्य अभ्यासकांनी आपापल्या विषयाची एकेक नोंद लिहून दिली. कोणी प्राध्यापक, कोणी अभियंते, कोणी वैद्य. नोंदीखाली लेखकाचे नाव छापले जाई, म्हणजे श्रेय त्याचे आणि जबाबदारीही त्याचीच.

विश्वकोशातील एखादी नोंद अर्ध्या पानाची असते. ती लिहिणाऱ्यास आपण फार मोठे काही केले असे वाटलेही नसेल. परंतु अशा हजारो अर्ध्या पानांतूनच ते वीस खंड झाले. आपल्या संघटनेचे सभासद जर तीन महिन्यांस अर्धे पान देऊ शकले, तर दहा वर्षांत काय उभे राहील, याचा विचार प्रत्येकाने करावा.

पेवातील हळद

सांगलीच्या वाचकांस हरिपूरची पेवे सांगावयास नकोत. जमिनीखाली खोदलेल्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहत असे. साठवणीची ती उत्तम पद्धत होती. पण २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरले आणि मोठे नुकसान झाले. जमिनीखाली सुरक्षित वाटणारा माल एका पुरात गेला.

आपल्यातील अनेक ज्येष्ठ वैद्यांचा अनुभव असाच पेवात आहे. घराण्यातील एखादा योग, एखाद्या जीर्ण व्याधीतील हमखास उपयोगी पडणारा क्रम, एखाद्या भस्माची विशिष्ट पुटसंख्या. पुत्रास वैद्यकात रस नाही, शिष्य कोणी नाही, वही कोठे आहे ते घरच्यांस माहीत नाही. कोविडच्या दोन वर्षांत आपण किती ज्येष्ठांस मुकलो, हे आठवावे. त्यांच्यासमवेत काय काय गेले, त्याची मोजदाद कोणी केली नाही आणि आता करताही येणार नाही.

आक्षेपांचा विचार

या म्हणण्यावर जे आक्षेप घेतले जातात, ते मी अनेकदा ऐकले आहेत. काही पूर्वी स्वतःही घेतले आहेत.

पहिला आक्षेप असा की अपयशाच्या वा अपायाच्या नोंदी आपणच प्रसिद्ध केल्या, तर आयुर्वेदाच्या विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल. अनुभव याच्या उलट आहे. २००४ साली अमेरिकेत बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या सत्तर आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी झाली आणि चौदांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले. ते वृत्त जगभर गेले. त्यापूर्वीच शोधन-मारणाविषयी, भस्मपरीक्षेविषयी आणि बाजारातील निकृष्ट मालाविषयी आपण स्वतःची आकडेवारी सातत्याने मांडली असती, तर त्या दिवशी आपणास उत्तर देता आले असते. जो आपला हिशेब स्वतः मांडत नाही, त्याचा हिशेब दुसरे मांडतात.

दुसरा आक्षेप औषधी निर्मात्यांचा. मालाविषयी उघड बोलल्यास धंद्यास धक्का बसेल, असे ते म्हणतात. त्यांची अडचण खरी आहे. परंतु निर्मितीचे रहस्य आणि कच्च्या मालाची ओळख या दोन भिन्न गोष्टी आहेत. अशोकाच्या सालीऐवजी आसुपालवाची साल, नागकेशराच्या जागी सुरंगीच्या कळ्या, वावडिंगाच्या नावाखाली दुसऱ्याच जातीची फळे, ब्राह्मी म्हणून मंडूकपर्णी, रास्ना आणि शंखपुष्पीच्या नावाने प्रांतोप्रांती वेगळ्याच वनस्पती: ही यादी प्रत्येक फार्मसीधारकास पाठ आहे. अमुक महिन्यात अमुक द्रव्याचा माल संशयास्पद येत आहे, एवढे जर एका निर्मात्याने इतरांस कळविले, तर त्याचे कोणते रहस्य फुटते? उलट फसविणाऱ्या पुरवठादारास तो माल दुसऱ्या दारी खपविता येणार नाही. आज एकाने परत केलेले पोते दुसऱ्याच्या गोदामात जाते आणि दोघेही गप्प राहतात. शेवटी त्या पोत्यातील भरड रुग्णाच्या पोटात जाते आणि गुण आला नाही म्हणून दोष वैद्यास लागतो.

तिसरा आक्षेप वेळेचा. दिवसाला साठ रुग्ण पाहणाऱ्यास लिहिण्यास सवड कोठून? यावर एवढेच म्हणेन की ज्याच्याकडे रुग्ण अधिक, त्याच्याकडे सांगण्यासारखेही अधिक.

चौथा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण मनात असतो: ‘मी कष्टाने मिळविलेले दुसऱ्यास फुकट का द्यावे?’ सहकाराच्या या भूमीत या प्रश्नाचे उत्तर अवघड नसावे. कारखान्याचा सभासद म्हणजे ऊस घालणारा. सर्वांनीच साखर न्यायची ठरविली आणि ऊस कोणीच घातला नाही, तर गाळप कशाचे करावयाचे? महाराष्ट्रातील सहकार कायद्यात २०१३ साली झालेल्या दुरुस्तीने ‘क्रियाशील सभासद’ ही संकल्पना आणली. नुसते भागपत्र घरात असणे पुरेसे नाही, सभेस येणे आणि संस्थेशी व्यवहार ठेवणे आवश्यक, असा तिचा रोख होता. आपल्या संघटनेचे क्रियाशील सभासद किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

काय करता येईल

केवळ उपदेश करून थांबणे योग्य नाही, म्हणून काही सूचना मांडतो.

एक, या त्रैमासिकात ‘न आलेला गुण’ या नावाचे एक पान असावे. प्रत्येक नोंदीत रुग्णाचे वय व प्रकृती, निदान, दिलेले औषध, त्याचे मूळ, मात्रा, काल, अनुपान आणि परिणाम एवढे असावे. रुग्णाची ओळख उघड होईल असे काही नसावे. पहिली नोंद वर सांगितलेल्या रुग्णेची, तिच्या अनुमतीने, माझ्याकडून घ्यावी.

दोन, औषधाच्या संशयित विपरीत परिणामांची नोंद शासनाच्या औषधदक्षता यंत्रणेकडे करावी. आयुर्वेदादी औषधांसाठी या यंत्रणेचे राष्ट्रीय केंद्र नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात आहे आणि तिची परिघीय केंद्रे महाविद्यालये व रुग्णालये यांत आहेत. कळविणाऱ्याचे नाव गोपनीय ठेवले जाते. नोंद करणे म्हणजे अपराधाची कबुली नव्हे. संशय नोंदविणे एवढाच तिचा अर्थ.

तीन, सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील औषधी निर्मात्यांनी मिळून खात्रीच्या द्रव्यांचा एक नमुनासंग्रह करावा. ज्यास शंका येईल त्याने आपला माल आणून त्याच्याशी ताडून पाहावा. वनस्पतिशास्त्राच्या स्थानिक प्राध्यापकांची मदत घ्यावी. कोयना-महाबळेश्वरचा डोंगर आपल्या पाठीशी आहे, आणि गुळवेल तर परसात आहे. प्रारंभ तिच्यापासूनच व्हावा.

चार, मासिक सभेत व्याख्यानाचा वेळ अर्धा करून उरलेल्या वेळात तीन सभासदांनी प्रत्येकी एक रुग्ण मांडावा. मागील सभेत ज्याने सल्ला घेतला असेल, त्याने पुढील सभेत परिणाम सांगावा. सल्ला घेऊन जाणारे पुष्कळ. काय झाले ते येऊन सांगणारे विरळा. गुण आला नाही हे समजल्याशिवाय सल्ला देणाराही शिकत नाही.

पाच, या व्यासपीठावर स्वतःच्या उत्पादनाची जाहिरात रुग्णानुभवाच्या वेषात करू नये. जाहिरातीस या अंकात स्वतंत्र पाने आहेत, ती सशुल्क घ्यावीत. आणि कोणाची चूक दाखवावयाची असल्यास ती शास्त्राधाराने, सौम्य शब्दांत दाखवावी.

वैद्यबंधुभगिनींनो, हे लिहिताना मी ज्येष्ठांस शिकवीत आहे असा समज कृपया करून घेऊ नये. लेखकाचे वय अद्याप पन्नाशीच्या आतले आहे आणि अनुभव त्या मानानेच. परंतु कपाटातील त्या चार ओळींचे ओझे मनावर आहे. ती रुग्णा बरी झाली, हे तिचे आणि माझे दैव. माझ्या मौनामुळे दुसऱ्या एखाद्या गावात कोणी तोच काढा आणखी महिनाभर घेतला असेल का, या प्रश्नाचे उत्तर मला कधीही मिळणार नाही.

तो केसपेपर मी आता कपाटातून काढून टेबलावर ठेवला आहे. पुढील सभेत तो वाचून दाखविण्याची अनुमती अध्यक्षमहोदयांनी द्यावी, ही विनंती. सांगलीचे स्नेही त्यांचे दोन कागद घेऊन येण्यास तयार आहेत. आणखी कोणाकडे असे कागद असल्यास त्यांनी ते सोबत आणावेत. अलमतिविस्तरेण.